सीलच्या पोटात जे सापडलं नाही

स्वालबार्डच्या किनाऱ्यांवरून गोळा केलेल्या कचऱ्यात जाळ्याचे आणि दोरीचे बारके तुकडे फार असतात. कुठला वीतभर, कुठला हातभर. हिरवे, निळे, केशरी. नॉर्वेचं उत्तर टोक आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मध्यावर हा बर्फाळ द्वीपसमूह आहे. तिथे उंच वाढणारं एकही झाड नाही, पण खडकांच्या फटींत आणि वाळूत हे रंगीत तुकडे सगळीकडे अडकलेले असतात. मोजणी करणाऱ्याच्या तक्त्यात त्यांच्यासाठी एक रकाना असतो. तुकडा पन्नास सेंटिमीटरपेक्षा लहान की मोठा एवढं पाहायचं आणि आकडा टाकायचा.

काही वर्षांपूर्वी नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन विद्यापीठाच्या आणि नॉर्वेतल्या 'सॉल्ट' या संस्थेच्या संशोधकांनी वेगळंच काही केलं. स्वालबार्डच्या लाँगयिअरब्येन या गावी त्यांनी पोती उघडून कचरा पसरला आणि मासेमारीतली जाण असलेल्या माणसांना तो बघायला बोलावलं. त्या माणसांनी तुकडे हातात घेतले आणि आधी टोकं पाहिली. बरीचशी टोकं झिजलेली किंवा ताणून तुटलेली नव्हती, सुरीने सरळ कापलेली होती. म्हणजे हे जाळं वादळात हरवलेलं नव्हतं. फाटलेला भाग कापून काढून तिथे नवं जाळं जोडलं गेलं होतं आणि कापलेला भाग बोटीवरून पाण्यात गेला होता.

उरणजवळच्या आमच्या गावात मी जाळी शिवणारी माणसं लहानपणापासून पाहिली आहेत. त्यामुळे हे वाचताच माझ्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. बोटीच्या फळीवर मांडी ठोकून बसलेला खलाशी, पायाच्या अंगठ्यात ताणून धरलेलं जाळं, आणि शेजारी पडलेल्या कापलेल्या चिंध्या. त्यांचं काय होतं हे किनाऱ्यावरच्या कुणालाही सांगावं लागत नाही. पण शास्त्रीय अहवालात ही गोष्ट यायला एका खलाशाच्या नजरेची गरज लागली. 'हरवलेली जाळी' असं निदान झालं असतं तर उपाय निघाला असता जाळी शोधून काढण्याचा. 'दुरुस्तीचे तुकडे' असं निदान झालं की उपाय सोपा आणि स्वस्त होतो, बोटीवर एक पोतं ठेवायचं आणि बंदरावर ते रिकामं करायची सोय करायची. एकच वस्तू, एकच आकडा, पण ओळखणारा बदलला की पुढचं सगळं बदलतं.

ध्रुवीय किनाऱ्यांवरच्या प्रदूषणाबद्दल मी गेली काही वर्षं मिळेल ते वाचते आहे, आणि फिरून फिरून माझं मन याच जागी येऊन थांबतं. समुद्रात किती प्लास्टिक आहे याचे आकडे आता पुष्कळ आहेत, भयंकरही आहेत. आर्क्टिक समुद्रावरच्या बर्फाच्या एका लिटरमध्ये सूक्ष्म प्लास्टिकचे १२,००० पर्यंत कण मिळाल्याचं जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेने २०१८ मध्ये जाहीर केलं. याच संस्थेचे लोक स्वालबार्डच्या पश्चिमेच्या खोल समुद्राच्या तळाची वर्षानुवर्षं छायाचित्रं घेतात. तिथल्या उत्तरेकडच्या एका ठिकाणी २००४ ते २०१४ या दहा वर्षांत कचरा तेवीस पटींहून जास्त वाढला. हे आकडे हवेतच. तरी ते मोजले कुणी, कुणाच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मोजले, आणि उत्तर आधी कुणाला सांगितलं, हे प्रश्न मला दिवसेंदिवस जास्त महत्त्वाचे वाटू लागले आहेत.

हा कचरा तिथे पोचतो कसा, ते आधी सांगते. अटलांटिकमधला उबदार प्रवाह युरोपच्या किनाऱ्याने वर चढतो आणि त्याची एक शाखा स्वालबार्डच्या पश्चिमेला जाते. वर गेलेलं पाणी थंड होऊन जड होतं, बुडतं. तरंगणारं प्लास्टिक मात्र वरच राहतं. ग्रीनलँड समुद्र आणि बॅरेंट्स समुद्र हे म्हणूनच या प्रवासाचं शेवटचं स्थानक ठरले आहेत, असं स्पॅनिश संशोधक आंद्रेस कोझार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं. दुसरा रस्ता सैबेरियाकडून येतो. तिथल्या प्रचंड नद्या समुद्रात ओंडके सोडतात, ते बर्फात गोठतात आणि बर्फाबरोबर ध्रुवाजवळून वाहत काही वर्षांनी स्वालबार्डला, ग्रीनलँडला लागतात. या वाहून आलेल्या लाकडावर तिथे माणसं जगली आहेत. ग्रीनलँडच्या मूळ रहिवाशांनी, म्हणजे इनुइटांनी, त्यातून कयाक नावांचे सांगाडे केले, स्लेज केल्या. स्वालबार्डवर शिकारीला येणाऱ्या रशियन पोमोर लोकांनी झोपड्या बांधल्या. जंगल नसलेल्या मुलखात समुद्र लाकूड आणून देत होता. त्याच वाटेने, त्याच किनाऱ्यांवर, आता त्या ओंडक्यांच्या ढिगात मासळीचे प्लास्टिकचे खोके आणि बोये मिसळून येतात.

स्वालबार्डवर मूळ रहिवासी असे कुणी नाहीत. लाँगयिअरब्येनमध्ये अडीच हजारांच्या आसपास लोक राहतात, पन्नासच्या वर देशांतले, आणि बहुतेक जण काही वर्षं काढून निघून जातात. तिथले गव्हर्नर दर उन्हाळ्यात किनारे साफ करायला बोट काढतात आणि त्या बोटीवर जागा मिळावी म्हणून गावकरी अर्ज करतात, चिठ्ठ्या काढून नावं ठरतात. मला हे फार आवडलं. किनारा साफ करताना बंदूकधारी पहारेकरी उभा ठेवावा लागतो, अस्वलांसाठी. शिवाय १९४६ पूर्वीची कुठलीही मानवी वस्तू तिथे कायद्याने वारसा मानली जाते, म्हणजे एखादी जुनी फळी उचलण्याआधीही विचार करावा लागतो.

याच किनाऱ्यांवर पर्यटकांनी केलेला एक अभ्यास बराच गाजला. आल्फ्रेड वेगेनर संस्थेच्या मेलानी बर्गमन आणि आर्क्टिकमध्ये सफरी नेणाऱ्या लेखिका-मार्गदर्शक बिर्गिट लुट्झ यांनी तो सुरू केला. जहाजाने येणाऱ्या प्रवाशांनी किनाऱ्यावर उतरायचं, ठरलेला पट्टा आखायचा, त्यातला सगळा कचरा गोळा करून वर्गवारी करायची, वजन करायचं. २०१६ ते २०२१ या काळात चौदा किनाऱ्यांवरून सुमारे २३,००० वस्तू जमल्या, वजन १,६२० किलो. बहुतेक प्लास्टिक, आणि त्यातलं पुष्कळसं मासेमारीचं. जाळ्यात शिंगं अडकलेल्या रेनडियरची छायाचित्रंही लोकांनी दिली. अगदी थोड्या वस्तूंवर काही छापलेलं वाचता येत होतं. त्यांत रशियाच्या ३२ टक्के, नॉर्वेच्या १६ टक्के, आणि जर्मनीच्या ८ टक्के निघाल्या. चीन, ब्राझील, अमेरिका इथल्याही होत्या. कचरा व्यवस्थापनात स्वतःला पुढारलेला समजणाऱ्या जर्मनीला आपलं नाव ध्रुवाजवळच्या किनाऱ्यावर वाचावं लागलं. हे त्या प्रवाशांच्या वाकलेल्या पाठींमुळे घडलं. संशोधकांची बोट इतक्या किनाऱ्यांवर पाठवायला लागणारा पैसा कुणीही दिला नसता.

या अभ्यासाचं मोल मी मानते. तरी एक गोष्ट मनात राहते. ते प्रवासी तिथे राहत नाहीत. तिथले मासे, मांस, अंडी यांवर त्यांचं पोट नाही. त्यांनी मोजलं, त्यांना वाईट वाटलं, आणि ते घरी गेले. ज्यांना तिथून घरी जायचं नाहीये, कारण तेच घर आहे, त्यांचा प्रश्न वेगळा असतो. तो प्रश्न समजायला स्वालबार्ड सोडून पश्चिमेला, ग्रीनलँडच्याही पलीकडे, कॅनडाच्या इनुइट वस्त्यांत जावं लागतं. आणि काळातही थोडं मागे.

१९८० च्या दशकात क्यूबेक प्रांतात एरिक ड्यूएली हे डॉक्टर-संशोधक आईच्या दुधातल्या विषारी रसायनांचा अभ्यास करत होते. दक्षिणेतल्या औद्योगिक भागातल्या बायकांच्या दुधाशी तुलना करायला त्यांना एक स्वच्छ नमुना हवा होता. कारखान्यांपासून शेकडो मैल दूर, उत्तरेला नुनाविक या इनुइट प्रदेशातल्या बायकांचं दूध त्यासाठी मिळालं. तपासणीत त्या दुधात पीसीबी या रसायनांचं प्रमाण दक्षिणेतल्या बायकांच्या सुमारे पाच पट निघालं. ज्यांनी ही रसायनं कधी बनवली नाहीत, वापरली नाहीत, त्यांच्या अंगात ती सर्वांत जास्त होती.

कारण ध्यानात घेतलं की मन सुन्न होतं. ही रसायनं उष्ण प्रदेशात हवेत उडतात, थंडीत खाली बसतात, परत उडतात, परत बसतात, आणि अशा उड्या घेत उत्तरेला जातात. तिथे पोचल्यावर थंडीमुळे परत उडत नाहीत. पाण्यातून सूक्ष्म जिवांत, त्यांतून माशांत, माशांतून सीलमध्ये, सीलमधून अस्वलात आणि माणसात. प्रत्येक पायरीवर ती चरबीत साठत जातात आणि वाढत जातात. इनुइटांचं अन्न म्हणजे सील, व्हेल, वॉलरस. थंडीत जगायचं तर चरबी खावीच लागते. दुकानातलं अन्न विमानाने येतं आणि परवडत नाही. शिवाय शिकार म्हणजे नुसतं जेवण नव्हे. मारलेला सील गावात वाटला जातो, त्या वाटण्यावर नाती चालतात. अशा आईला 'तुझ्या दुधात विष आहे' हे सांगायचं कसं, आणि सांगून तिने करायचं काय? डॉक्टरांनी शेवटी सल्ला दिला तो अंगावर पाजणं चालू ठेवण्याचाच, कारण दुधाचा फायदा त्यातल्या धोक्याहून मोठा होता. पण त्या सल्ल्याआधी जी भीती वस्त्यांमधून फिरली, ती बाहेरून आलेल्या आकड्याने आणलेली होती. त्या बायकांनी प्रश्न विचारलाच नव्हता. त्या दुसऱ्या कुणाच्या प्रश्नातला कोरा रकाना होत्या.

(थोडं पीसीबी जागेवरचंही होतं, हे नोंदवायला हवं. शीतयुद्धात अमेरिका आणि कॅनडाने आर्क्टिकभर रडार केंद्रं उभारली आणि नंतर त्यांतली बरीच तशीच सोडून दिली. अलास्काच्या सेंट लॉरेन्स बेटावर अशाच एका सोडलेल्या लष्करी तळाशेजारी तिथले मूळ रहिवासी युपिक लोक मासे धरतात, बेऱ्या वेचतात. आपल्या लोकांत कर्करोग वाढतो आहे असं पाहून अ‍ॅनी अलोवा या युपिक आरोग्यसेविकेने वर्षानुवर्षं सरकारकडे पाठपुरावा केला. तिथलं संशोधन तिच्या त्या हट्टातून सुरू झालं.)

याच नुनाविकमध्ये जन्मलेल्या शीला वॉट-क्लूटिये पुढे इनुइटांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या कॅनडा शाखेच्या अध्यक्ष झाल्या. टिकाऊ विषारी रसायनांवर बंदी घालणाऱ्या कराराची बोलणी चालू होती. १९९९ मध्ये नैरोबीतल्या बैठकीत त्यांनी एक कोरीव मूर्ती दिली, इनुइट आई आणि तिचं मूल. वाटाघाटींच्या अध्यक्षांच्या टेबलावर ती मूर्ती पुढच्या बैठकांत ठेवलेली असे. २००१ मध्ये स्टॉकहोम करार झाला. त्याच्या प्रस्तावनेत आर्क्टिकमधल्या मूळ रहिवाशांचा वेगळा उल्लेख आहे, आणि त्यांचं पारंपरिक अन्न दूषित होणं हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे असं स्पष्ट लिहिलं आहे.

त्या करारातल्या पहिल्या बारा रसायनांत एक नाव डीडीटीचं होतं. हे नाव वाचताना मी परक्या कुणाचं काही वाचत नव्हते. माझ्या लहानपणी हिवतापाची फवारणी करणारी माणसं गावात यायची. खांद्याला पंप, हातात लांब नळी. आई घाईघाईने पिण्याच्या पाण्याचे हंडे बाहेर काढायची, भांडी झाकायची. ते गेल्यावर भिंतीवर पांढुरका थर दिसायचा आणि दाराच्या चौकटीशेजारी तारीख लिहिलेली असायची. ती तारीख पुढचे कित्येक महिने तशीच असे. आणि डीडीटी बनत होतं आमच्याच जिल्ह्यात, रसायनीला, सरकारी कारखान्यात. आमच्या ओळखीतले लोक तिकडे कामाला होते, चांगली नोकरी समजली जायची. भारताने स्टॉकहोम करार २००६ मध्ये मान्य केला, आणि हिवतापासारख्या रोगांसाठी डीडीटी वापरण्याची सवलत ठेवली. फवारणीने हिवताप घटला हे खोटं नाही. आमच्या घरातलीही माणसं त्याने वाचली असतील. आमच्या भिंतीवरचा कुठला कण कुठे गेला हे कुणी सांगू शकणार नाही. पण उष्ण देशांतून उडून गेलेलं डीडीटी आर्क्टिकच्या चरबीत साठलं, हे मात्र सिद्ध आहे. तेव्हापासून नुनाविकची आई मला दूरची वाटत नाही.

या इतिहासानंतर इनुइटांनी संशोधकांना अटी घालायला सुरुवात केली यात नवल ते काय. २०१८ मध्ये कॅनडातल्या इनुइटांच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे इनुइट तापिरीत कनातामीने, संशोधनाविषयीचं स्वतःचं राष्ट्रीय धोरणच जाहीर केलं. प्रश्न कोणते घ्यायचे, पैसा कुणाच्या हातून जाणार, माहिती कुणाच्या मालकीची, यांत इनुइटांचा अधिकार असला पाहिजे, हे त्याचं सूत्र. तसं पाहिलं तर यात मागितलेलं काहीच जगावेगळं नाही. आपल्या घराची मोजणी करायला आलेल्या माणसाने आधी दार वाजवावं, एवढंच.

कॅनडाच्या पूर्व टोकाच्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या मेमोरियल विद्यापीठात मॅक्स लिबॉइरॉन यांनी चालवलेली 'क्लिअर' ही प्रयोगशाळा मला या बाबतीत सर्वांत जवळची वाटते. पाण्याच्या पृष्ठभागावरचं प्लास्टिक गाळायचं उपकरण विकत घ्यायचं तर हजारो डॉलर लागतात. छोट्या गावाला ते परवडणार कसं? या लोकांनी लहान बाळांचे लांब पायमोजे घेतले, प्लास्टिकच्या बाटल्या त्यांच्या तोंडाशी आणि तरंगण्यासाठी बाजूला जोडल्या, आणि बोटीमागे ओढता येईल असं गाळणं केलं. त्याचं नावच 'बेबीलेग्ज'. कसं बनवायचं हे सगळ्यांना खुलं आहे. आपल्याकडची किनाऱ्यावरची शाळासुद्धा ते एका दुपारी करू शकेल. किनाऱ्यावरची मोजणी करायच्या प्रचलित पद्धती वाळूच्या किनाऱ्यांसाठी लिहिलेल्या आहेत, आणि तिथला किनारा खडकांचा, वर्षातले कित्येक महिने बर्फाचा. मग पद्धतीच नव्याने आखल्या.

पण उपकरणापेक्षा मोठी गोष्ट प्रश्नाची आहे. न्यूफाउंडलंड हा आर्क्टिकच्या उंबरठ्यावरचा मुलूख. कॉड मासा हे तिथलं जगणं होतं. अतिमासेमारीने कॉड संपत आला म्हणून १९९२ मध्ये कॉडची व्यापारी मासेमारी बंद केली गेली आणि हजारो लोक एका दिवसात बेकार झाले. ही बंदी २०२४ मध्ये उठवली गेली. बंदीच्या काळात घरच्या जेवणापुरते मासे धरायला ठरावीक दिवस मिळत. त्या दिवसांत क्लिअरचे लोक धक्क्यावर जाऊन मच्छिमारांकडून आतडी मागून आणत. मासा ज्याचा त्याच्या घरी जाई, आतडं प्रयोगशाळेत. पहिल्या अभ्यासात २०५ कॉड तपासले गेले, पाचांत प्लास्टिक मिळालं. २.४ टक्के. तपासून झाल्यावर ते अवशेष कचऱ्यात न टाकता परत निसर्गात नेऊन ठेवतात, हाही त्यांचा नियम.

२.४ टक्के हा आकडा बातमीला फारसा उपयोगी नाही. पण ज्याच्या ताटात तो मासा आहे त्याच्यासाठी याहून महत्त्वाचा आकडा कुठला असेल?

कॅनडातल्याच लॅब्राडोर या भागाच्या उत्तर किनाऱ्यावर नुनात्सियावुत हा इनुइटांचा स्वशासित प्रदेश आहे, २००५ पासून. तिथल्या सरकारतर्फे लिझ पिजोगी प्लास्टिकच्या आणि इतर प्रदूषणाच्या नोंदींचं काम बघतात. क्लिअर त्यांच्याबरोबर काम करते. निष्कर्ष छापायच्या आधी गावात मांडायचे, लोकांचं म्हणणं ऐकायचं, आणि 'हे छापू नका' म्हणायचा हक्क गावाला द्यायचा, अशी क्लिअरची रीत आहे. शास्त्राच्या पारंपरिक शिस्तीत हे बसत नाही अशी कुरकुर होते. मला ती पटत नाही. तज्ज्ञांनी लेख तपासून नाकारला तर आपण त्याला गुणवत्ता म्हणतो. ज्यांच्या अन्नाबद्दल लेख आहे त्यांनी नाकारला तर ते विज्ञानात ढवळाढवळ कसं? एक चुकीचा मथळा एका वस्तीची मासळी बाजारात अडकवू शकतो. नुनाविकच्या वेळी असा हक्क असता तर दूध तपासलं गेलंच असतं, पण आयांना ते वेगळ्या शब्दांत, वेगळ्या माणसांकडून कळलं असतं.

आता सील. कॅनडाच्या पूर्व आर्क्टिकमध्ये, नुनावुत या इनुइट प्रदेशात, इनुइट शिकाऱ्यांनी २००७ ते २०१९ या काळात मारलेल्या १४२ सीलची पोटं संशोधकांकडे दिली. त्यासाठी वेगळा सील कुणी मारला नाही. मांस घरोघरी गेलं, पोट डब्यात बंद करून दक्षिणेला गेलं. पोटं उघडून, गाळून पाहिली. डोळ्यांना दिसेल असा प्लास्टिकचा एकही तुकडा त्यांत मिळाला नाही.

शेजारीच दुसरा आकडा ठेवला तर याचं वजन कळतं. स्वालबार्डच्या फुलमार या समुद्रपक्ष्यांच्या पोटांत, २०१३ मध्ये तपासलेल्या दर दहांतल्या जवळजवळ नऊ पक्ष्यांत, प्लास्टिक होतं. फुलमार पाण्याच्या वरच्या थरावरचं टिपतो आणि ते त्याच्या पोटात बराच काळ राहतं, सील खोल जाऊन भक्ष्य पकडतो, एवढ्या फरकाने चित्र बदलतं. कचरा किती पसरला हे दाखवायला फुलमार उत्तम. 'आज सील खाऊ का' याचं उत्तर फुलमार देऊ शकत नाही. ते सीलच्याच पोटातून यावं लागतं, आणि ते पोट शिकाऱ्याच्या हातून. अगदी सूक्ष्म कणांचा आणि प्लास्टिकमधल्या रसायनांचा प्रश्न त्याने मिटत नाही. तरी ज्या लोकांना चाळीस वर्षं वाईटच बातम्या मिळत आल्या, त्यांना त्यांच्या स्वतःच्या कष्टातून एक चांगली बातमी मिळाली. हा शून्य मला त्या २३,००० पेक्षा मोठा वाटतो.

आणि बातमी आधी कुणाला कळते? २०२० च्या उन्हाळ्यात बेरिंग सामुद्रधुनीच्या अलास्काकडच्या किनाऱ्यांवर अचानक कचऱ्याची लाट आली. साथीमुळे बाहेरचे संशोधक तिथे जाऊ शकत नव्हते. सेंट लॉरेन्स बेटावरच्या आणि आसपासच्या वस्त्यांतल्या लोकांनी फोटो काढले, लेबलं जपून ठेवली, नोम गावातल्या 'अलास्का सी ग्रँट' या सागरी संशोधन कार्यक्रमाच्या गे शेफील्ड यांच्याकडे पाठवली. रशियन, कोरियन आणि इतर लिपींतली लेबलं, बाटल्या, डबे. बऱ्याच वस्तू नुकत्याच फेकल्यासारख्या होत्या, म्हणजे जवळून जाणाऱ्या बोटींवरूनच आलेल्या. वॉलरस आणि व्हेलची शिकार करणारी ही माणसं समुद्राकडे रोज पाहतात. आज काय वेगळं आहे हे त्यांना विचारावं लागत नाही. त्यांनी कळवलं नसतं तर बर्फाने सगळं झाकून टाकलं असतं.

आर्क्टिकभोवतीच्या देशांच्या 'आर्क्टिक परिषदे'च्या देखरेख कार्यक्रमाने २०२१ मध्ये प्लास्टिक मोजण्याची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, ती झाली ते बरंच झालं. प्लास्टिकवरच्या जागतिक कराराची बोलणी मात्र डिसेंबर २०२४ मध्ये बुसानला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाला, दोन्ही वेळा मसुद्यावर एकमत न होता संपली. उत्पादनावर मर्यादा घालायची की नुसती कचऱ्याची व्यवस्था लावायची, यावर गाडं अडलं. इनुइट परिषदेचे प्रतिनिधी तिथेही जाऊन बसत आले आहेत. स्टॉकहोमच्या वेळी टेबलावर आई आणि मूल होतं. या वेळी त्यांच्या हातात स्वतः मोजलेले आकडे आहेत. तेल आणि प्लास्टिक विकणाऱ्या देशांपुढे ते किती टिकतील याची मला काळजी वाटते, आणि रागही येतो.

आपल्याकडच्या बहुतेक किनारा-मोहिमा 'इतके टन कचरा उचलला' या वाक्यावर संपतात. उचलतात हे चांगलंच. पण डोलजाळ्यात मासळीबरोबर प्लास्टिक येतं आणि ते रोज पहाटे हातांनी निवडून बाजूला टाकणाऱ्या कोळणींना कुणी काही विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. कुठल्या भरतीला काय येतं, पावसाच्या आधी काय आणि नंतर काय, हे सगळं त्यांच्या बोटांत आहे. मागच्या खेपेला गावी गेले तेव्हा धक्क्यावर ओळखीच्या एका काकींना मी ही सीलची आणि कॉडची हकिकत सांगितली. त्या बोंबील निवडत होत्या, हात थांबला नाही. पिशव्यांचे चिंधडे डावीकडे, मासळी उजवीकडे. सगळं ऐकून म्हणाल्या, "मंग बाय, आमच्या बोंबलाच्या पोटान काय हाय, ता कोन बगतं?"

मी म्हटलं, काकी, तिकडे मच्छिमार स्वतःच आतडी काढून डब्यात भरून देतात, तेव्हा कुणीतरी बघतं.

"देऊ की," त्या म्हणाल्या. "आमी त रोज टाकूनच देतो. कोनाला द्याची, ता सांग."